देवगिरीचा कडा आणि कोठारातले धान्य

दौलताबादचा किल्ला पाहून आलेल्या मुलांना ‘काय पाहिलेत?’ असे विचारले, तर उत्तरे बहुतेक ठरलेली असतात. अंधारी, खंदक, मेंढा तोफ, चांदमिनार आणि वटवाघळे! पण ‘हा किल्ला शत्रूला जिंकता आला का?’ असे विचारले, की वर्गात दोन तट पडतात. काही जण ठामपणे सांगतात, ‘छे, तो तर अजिंक्य होता.’ काहींना पाठ्यपुस्तकातील अल्लाउद्दीन खिलजी आठवतो आणि ते म्हणतात, ‘मग यादवांचे राज्य गेले कसे?’

गंमत अशी, की दोन्ही बाजूंचे म्हणणे बरोबर आहे. देवगिरीचा कडा चढून कोणी किल्ला घेतला, असे इतिहासात दिसत नाही. तरीही हा किल्ला यादवांकडून दिल्लीच्या सुलतानांकडे, त्यांच्याकडून बहमनींकडे, मग निजामशाहीकडे आणि पुढे मोगलांकडे गेला. न चढता येणारा किल्ला पुनःपुन्हा हातातून जातो, हे कसे? किल्ल्याच्या सहलीला जाताना हा प्रश्न बरोबर घेतला, तर दगडधोंड्यांचे दर्शन एवढ्यावर सहल संपत नाही. आम्ही काही सहकारी अलीकडे हाच प्रश्न मनात ठेवून किल्ला पायथ्यापासून माथ्यापर्यंत फिरलो. जे पाहिले आणि त्यावरून जी थोडी आकडेमोड केली, ती येथे मांडत आहोत.

एक किल्ला, अनेक शतके

छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) वेरूळकडे जाताना सुमारे १५ किलोमीटरवर सपाट मैदानातून एकदम वर आलेला शंकूच्या आकाराचा डोंगर दिसतो. त्याची उंची सुमारे २०० मीटर. दगड आपल्या सह्याद्रीचाच, म्हणजे काळा बेसाल्ट. पाचवा भिल्लम या यादव राजाने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे राजधानी वसवली. इ. स. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलवली आणि देवगिरीचे दौलताबाद झाले.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. किल्ला म्हणजे एका राजाने एका वेळी बांधलेली इमारत नव्हे. तासलेला कडा यादवांच्या काळातला, चांदमिनार पंधराव्या शतकातला बहमनी राजवटीतला, तर मेंढा तोफेवर औरंगजेबाचे नाव कोरलेले. आज आपण ज्या तटांमधून आत जातो त्यांपैकी पुष्कळसे बांधकाम यादवांनंतरचे आहे. म्हणजे रामदेवराव यादवाने जो किल्ला लढवला तो आपण पाहतो त्यापेक्षा बराच वेगळा होता. ‘एवढे तट असून यादव हरले कसे?’ असा प्रश्न विचारण्यापूर्वी ‘तेव्हा एवढे तट होते का?’ हे विचारावे लागते.

दारातला हत्ती

किल्ल्याला एकाच्या आत एक असे तीन मुख्य कोट आहेत. सर्वांत बाहेरचा अंबरकोट, मधला महाकोट आणि डोंगराला बिलगलेला काळाकोट. अंबरकोटाने जुन्या शहराला वेढले होते. आज आपण तिकीट काढून ज्या दरवाजाने आत जातो तो महाकोटाचा.

हा दरवाजा ओलांडला की समोर मोकळा रस्ता असेल, असे वाटते. प्रत्यक्षात आपण उंच भिंतींनी वेढलेल्या एका चौकात येतो. पुढचा दरवाजा समोर नसतो. वळावे लागते, मग पुन्हा वळावे लागते. दरवाजांच्या फळ्यांवर लांब अणकुचीदार लोखंडी खिळे आहेत आणि ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर येतात. खिळ्यांचे काम मुले चटकन ओळखतात. वळणाचे काम मात्र भौतिकशास्त्राच्या तासाला उलगडून दाखवावे असे आहे.

हत्तीची धडक किती जोराची, हे त्याच्या गतिज ऊर्जेवर ठरते आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हत्ती थांबलेल्या स्थितीतून निघून स्थिर त्वरणाने वेग घेतो असे धरले, तर त्याच्या वेगाचा वर्ग कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दारावर आदळतानाची ऊर्जा सरळसरळ धावण्याच्या अंतरावर अवलंबून आहे. ५० मीटर धाव मिळाली असती तेथे ५ मीटरच मिळाली, तर धडकेची ऊर्जा दहाव्या हिश्श्यावर येते. दरवाजा दसपट जाड करण्याऐवजी समोरची मोकळी जागा कमी केली, की काम भागते. शिवाय चौकात अडकलेल्या हल्लेखोरांवर चारही बाजूंच्या भिंतींवरून बाण, दगड आणि पुढे बंदुकीच्या गोळ्या मारता येतात. आपल्याकडील दुर्गांचे अभ्यासक अशा चौकाला रणमंडळ म्हणतात.

बुरूज गोल का?

तटाला ठराविक अंतरावर पुढे आलेले गोल बुरूज आहेत. ‘ते पुढे का आले?’ हे फळ्यावर आकृती काढून मुलांनाच शोधू द्यावे. नुसती सरळ भिंत काढा आणि तिच्या माथ्यावर एक शिपाई उभा करा. भिंतीच्या अगदी पायाशी चिकटलेला शत्रू त्याला दिसतो का? दिसण्यासाठी त्याला बाहेर वाकावे लागेल आणि तो स्वतः बाणाच्या टप्प्यात येईल. आता भिंतीबाहेर आलेले दोन बुरूज काढा. बुरुजातल्या शिपायाला भिंतीचा पाया बाजूने दिसतो आणि तो जंगीच्या आडूनच मारा करू शकतो.

गोल आकाराचे कारण समजायला थोडे दूर, इंग्लंडमधील रॉचेस्टरच्या किल्ल्यात डोकवावे लागते, कारण तेथे ते नोंदींसह टिकून आहे. इ. स. १२१५ मध्ये जॉन राजाने या किल्ल्याला वेढा घातला. आतला मनोरा चौकोनी होता. राजाच्या माणसांनी त्याच्या एका कोपऱ्याखाली भुयार खणले आणि वरचा भार लाकडी टेकूंवर तोलून धरला. मग राजाने चाळीस लठ्ठ डुकरे पाठवण्याचे पत्र धाडले. खाण्यासाठी नव्हे, त्यांच्या चरबीने टेकू पेटवण्यासाठी! टेकू जळाले, भुयार खचले आणि वरचा कोपरा कोसळला. पुढे मनोऱ्याची डागडुजी झाली तेव्हा तीन कोपरे जुने चौकोनी आणि हा एक गोल, असा तो बांधला गेला. तो आजही तसाच उभा आहे. कोपरा दोन्ही बाजूंनी उघडा असतो, त्याला शेजारच्या भिंतीचा आधार कमी मिळतो आणि तेथे खणणारा माणूस वरच्यांच्या नजरेआड राहू शकतो. गोल बुरुजाला कोपराच नसतो.

भुयार खणून भिंत पाडण्याची ही युक्ती आपल्याकडेही जुनी आहे. संस्कृतमध्ये ‘सुरुंगा’ म्हणजे भुयार. पुढे त्या भुयारात लाकडाऐवजी बंदुकीची दारू ठासू लागले आणि ‘सुरुंग’ या शब्दाला स्फोटाचा अर्थ चिकटला. शब्दाच्या अर्थात झालेला हा बदल म्हणजे तंत्रज्ञानाचा छोटासा इतिहासच आहे.

पाया नसलेली भिंत

महाकोट आणि काळाकोट ओलांडून आपण डोंगराशी येतो तेव्हा देवगिरीचे खरे बळ दिसते. डोंगराचा खालचा उतार सुमारे ५० मीटर उंचीपर्यंत सर्व बाजूंनी उभा तासून काढला आहे आणि त्याच्या पायथ्याशी खडकातच खंदक खोदला आहे. वेरूळची लेणी येथून फार दूर नाहीत. तेथे आठव्या शतकात कैलास मंदिर डोंगरातून कोरून काढले गेले. याच मुलखातल्या लोकांना बेसाल्ट कसा फोडावा आणि तासावा याचा शेकडो वर्षांचा अनुभव होता. तेथे त्या कौशल्यातून देऊळ झाले, येथे कडा झाला.

या कड्यापुढे वेढ्याची नेहमीची साधने एकेक करून निकामी होतात. पहिले साधन शिडी. दहा मीटरच्या तटाला शिडी लावता येते. ५० मीटरला का नाही? एकाच जाडीच्या शिडीची लांबी वाढवत नेली, तर ती स्वतःच्याच वजनाने वाकते आणि हे वाकणे लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. लांबी पाचपट केली, तर वाकणे ६२५ पट! वाकू नये म्हणून जाडी वाढवावी, तर शिडी उचलायला माणसे पुरत नाहीत.

दुसरे साधन सुरुंग. सुरुंगाने भिंत पडते, कारण ती रचलेली असते आणि खालच्या पायावर उभी असते. अखंड खडकाला असा पाया नसतो. खाली खणले तरी तोच खडक. तिसरे साधन तोफ. तोफगोळ्यांनी तटाचे दगड निखळतात आणि मधली भर ढासळते. अखंड खडकाचे मात्र टवके उडतात, इतकेच.

उंचीचा फायदा आकड्यांत मांडता येतो. वरून सोडलेल्या दगडाच्या वेगाचा वर्ग हा २ × गुरुत्वत्वरण × उंची एवढा असतो. ५० मीटरसाठी तो २ × ९.८ × ५०, म्हणजे ९८० येतो आणि वेग सेकंदाला सुमारे ३१ मीटर, म्हणजे ताशी ११० किलोमीटरहून अधिक. वरच्या माणसाला फेकण्याचेही कष्ट नाहीत, दगड नुसता सोडायचा. आता खालून मारलेल्या बाणाचे पाहू. तो सेकंदाला ५० मीटर वेगाने सुटला असे धरू. कड्याच्या माथ्यापर्यंत पोचेतो त्याची सुमारे ४० टक्के गतिज ऊर्जा खर्च झालेली असते. तोच बाण तेवढ्याच वेगाने वरून खाली मारला, तर सुमारे ४० टक्के ऊर्जा वाढते. (हवेचा विरोध येथे सोडून दिला आहे. तो धरला तर काय फरक पडेल, याची चर्चा वर्गात जरूर करावी.)

अंधार, डोळा आणि धूर

खंदक ओलांडायला जुना दगडी पूल आहे. त्याचा मधला भाग मुद्दाम खोलगट ठेवलेला आहे, म्हणजे खंदकातील पाण्याची पातळी वाढवली की पूल पाण्याखाली जावा. आज पर्यटक शेजारच्या लोखंडी पुलावरून जातात. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी येथे आला होता. त्याने लिहिले आहे, की वरच्या किल्ल्यात जायला चामड्याची शिडी होती आणि रात्री ती वर ओढून घेत. खंदकातल्या सुसरींच्या गोष्टी मात्र मार्गदर्शकांच्या तोंडून ऐकाव्यात आणि तेथेच सोडाव्यात.

पुलापलीकडे खडकात कोरलेला चढता, वळणावळणाचा भुयारी मार्ग लागतो. हीच प्रसिद्ध अंधारी. मध्येच वाट फुटते आणि उजेड दिसतो म्हणून तिकडे वळणारा थेट खंदकात पडेल, अशी सोय आहे. पायऱ्यांची उंची सारखी नाही. हल्ली अंधारी टाळून जाणाऱ्या पायऱ्याही आहेत.

अंधारी समजायला जीवशास्त्राचे पुस्तक उघडावे लागते. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या प्रकाशपेशी असतात. शंकुपेशी भरपूर उजेडात काम करतात, तर दंडपेशी मंद उजेडात. लख्ख उन्हातून अंधारात आल्यावर दंडपेशींमधील प्रकाशाला संवेदनशील असे रंगद्रव्य पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. पूर्ण सरावायला अर्धा तास तरी हवा. मराठवाड्याच्या उन्हातून पळत आलेला सैनिक अंधारी काही मिनिटांतच पार करू पाहणार, म्हणजे तो जवळजवळ आंधळाच असणार. आत दबा धरून बसलेल्या पहारेकऱ्याचे डोळे मात्र केव्हाच सरावलेले. हल्लेखोराने मशाल पेटवली तर काय? त्याचा एक हात अडकतो आणि अंधारात सर्वांत ठळक दिसणारी वस्तू तोच होतो. वर्गाची दारे-खिडक्या बंद करून हा प्रयोग सहज करता येतो. अर्ध्या मुलांना वीस मिनिटे आत बसवावे, अर्ध्यांना मैदानावरून बोलवावे आणि भिंतीवरील फिकट अक्षरे कोणाला आधी वाचता येतात ते पाहावे.

अंधारीच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण असे. तेथे शेगडी पेटवून भुयारात धूर सोडत आणि आग फुलत राहावी म्हणून खडकात बाजूने वाऱ्यासाठी भोक पाडलेले आहे, असे सांगतात. येथे जागरूक विद्यार्थ्याने हात वर करायला हवा. गरम धूर तर वर जातो! मग वरच्या तोंडाशी पेटवलेला धूर खालच्या शत्रूकडे कसा जाईल? पुठ्ठ्याची वाकवलेली नळी तिरपी धरून वरच्या तोंडाशी उदबत्ती लावा. धूर बाहेर निघून जातो. आता वरचे तोंड झाका आणि बाजूच्या भोकातून हलकेच फुंकर घाला. धूर खाली उतरू लागतो. म्हणजे वरचे झाकण आणि बाजूचे वारा घेणारे भोक, ही दोन्ही बरोबर असली तरच ही युक्ती जमते. मार्गदर्शकाचे वाक्य खरे की खोटे हे ठरवण्यापेक्षा ते कोणत्या अटींवर खरे ठरेल, हे शोधणे अधिक शिकवून जाते.

तीन वेढे

एवढी तयारी पाहिल्यावर सुरुवातीचा प्रश्न आणखीच टोचू लागतो. म्हणून आम्ही या किल्ल्यावरील तीन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहिले. प्रयोगशाळेत आपण एक गोष्ट कायम ठेवतो आणि बाकीच्या बदलतात तेव्हा निकाल कसा बदलतो ते तपासतो. येथे कडा तोच आहे.

पहिला प्रसंग इ. स. १२९६ चा. अल्लाउद्दीन काही हजार घोडदळ घेऊन अनपेक्षितपणे देवगिरीवर आला. रामदेवरावाचे मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर दूर होते. राजा घाईघाईने किल्ल्यात शिरला. दिल्लीहून आणखी मोठी फौज मागून येत आहे, अशी हूल अल्लाउद्दीनने उठवून दिली होती. शंकरदेव परत आला, लढला आणि हरला. आत धान्य पुरेसे नव्हते. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो, की गडबडीत किल्ल्यात आणलेली पोती धान्याची समजली गेली, उघडल्यावर मात्र त्यांत मीठ निघाले. फिरिश्ताने हे तीनशे वर्षांनंतर लिहिले आहे, तेव्हा मिठाची गोष्ट गोष्ट म्हणूनच घ्यावी. पण कड्यावर हल्ला न होताच राजाने प्रचंड खंडणी देऊन तह केला, एवढे निश्चित.

दुसरा प्रसंग इ. स. १३४७ चा. दख्खनच्या अमीरांनी मुहम्मद तुघलकाविरुद्ध बंड केले आणि इस्माईल मुख याला नेता निवडले. सुलतान स्वतः चालून आला आणि मैदानातल्या लढाईत बंडखोर हरले. इस्माईल मुख बालेकिल्ल्यात शिरला आणि सुलतानाने वेढा घातला. तेवढ्यात गुजरातेत दुसरे बंड उठल्याची बातमी आली व सुलतानाला तिकडे जावे लागले. बाहेर असलेल्या हसन या सरदाराने मागे राहिलेल्या शाही फौजेचा पराभव केला. किल्ला वाचला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हसन सुलतान झाला. बहमनी राज्याची सुरुवात ती हीच.

तिसरा प्रसंग इ. स. १६३३ चा. किल्ला निजामशाहीचा, आत मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान आणि बाहेर मोगल सेनापती महाबतखान. मार्चमध्ये वेढा पडला. मोगलांनी सुरुंग लावून आधी अंबरकोट फोडला, नंतर महाकोट. आदिलशाहीचे रणदुल्लाखान आणि त्यांच्याबरोबर शहाजीराजे बाहेरून मोगलांच्या रसदेवर छापे घालत होते आणि किल्ल्यात धान्य पोचवण्याची खटपट करीत होते. त्यात यश आले नाही. आत उपासमार आणि रोगराई पसरली आणि जूनमध्ये फत्तेखानाने अटी ठरवून किल्ला खाली केला. अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘पादशाहनामा’त या वेढ्याचे वर्णन आहे आणि त्या ग्रंथाच्या एका सचित्र प्रतीत वेढ्याचे रंगीत चित्रही आहे. अर्थात तो बादशहाच्या बाजूने लिहिलेला ग्रंथ आहे, हे लक्षात ठेवूनच तो वाचायचा.

तिन्ही प्रसंगांत कड्याने आपले काम चोख केले. १३४७ मध्ये तेवढे पुरले, कारण वेढा घालणाऱ्यालाच जावे लागले आणि बाहेरून मदत आली. १२९६ आणि १६३३ मध्ये पुरले नाही. फरक पडला तो कोठारात आणि किल्ल्याबाहेरच्या मुलखात. कडा शत्रूला हरवत नाही, तो आतल्यांना दिवस मिळवून देतो. मिळालेल्या दिवसांत खायला काय आणि मदतीला कोण, हे कड्याच्या हातात नसते.

त्रैराशिक

किती दिवस? हे सातवीचा विद्यार्थीही काढू शकेल. समजा, किल्ल्यात ५,००० माणसे आहेत आणि प्रत्येकाला रोज अर्धा किलो धान्य लागते. रोजचे २,५०० किलो झाले. चार महिने, म्हणजे १२० दिवसांसाठी ३,००,००० किलो, अर्थात ३०० टन. एका बैलाच्या पाठीवर सुमारे १०० किलो धान्य जाते असे धरले, तर ३,००० बैलांचा तांडा हवा. एवढे बैल शत्रू समोर आल्यावर गोळा होत नाहीत. सुगीत धान्य विकत घ्यायचे, कोरडे ठेवायचे, कीड आणि उंदीर यांपासून जपायचे, जुने झाले की वाटून टाकून नवे भरायचे, ही दरवर्षीची कामे. ती करणाऱ्या कारकुनाचे आणि हमालाचे नाव कोणत्याही पोवाड्यात येत नाही.

पाण्याचेही तसेच. माणशी रोज पाच लिटर धरले, तर ५,००० माणसांना रोज २५ घनमीटर आणि चार महिन्यांत ३,००० घनमीटर पाणी लागेल. उदाहरणासाठी ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ५ मीटर खोल तलाव घ्या. त्यात ४,५०० घनमीटर पाणी मावते. पुष्कळ वाटते. पण कडक उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाण्याची वाफ होते असे धरले, तर ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून रोज ९ घनमीटर, म्हणजे चार महिन्यांत १,०८० घनमीटर पाणी उडून जाईल. उरलेले पाणी माणसांना जेमतेम पुरेल. घोडे आणि गुरे यांचा हिशोब अजून केलेलाच नाही. आणि वरच्या दोन्ही वेढ्यांतला उन्हाळा आठवा. १६३३ चा वेढा नेमका मार्च ते जूनमध्ये होता!

दौलताबादेतील विस्तीर्ण हत्ती हौद महाकोटाच्या आत, डोंगराच्या पायथ्याच्या अलीकडे आहे. महाकोट पडला की तो शत्रूच्या हाती गेला. वर डोंगरात खडकात खोदलेली टाकी आहेत, पण हौदापुढे ती लहान. म्हणजे एकेक तट पडत जातो तसतशी आतली माणसे लहान जागेत दाटतात आणि त्यांच्या वाट्याचे पाणीही घटते. नकाशावर तीन कोट एकामागून एक काढले आणि कोणत्या कोटात कोणते पाणी ते निळ्या रंगाने दाखवले, तर वेढा कसा आवळत जातो हे मुलांना न सांगता दिसते.

आणखी एक गोष्ट मुलांपुढे ठेवायला हवी असे आम्हांला वाटते. वेढ्यात उपाशी राहणारे सगळेच सैनिक नसत. तटाच्या आत शहर होते. विणकर, कुंभार, पखालवाले, त्यांच्या बायका आणि मुले होती. धान्य कमी पडू लागले, की आधी कोणाचा वाटा कमी होई, हे ओळखायला इतिहासकाराची गरज नाही. किल्ल्याच्या शौर्याची गोष्ट सांगताना ही माणसे सुटतात, कारण कोठाराकडे आपण पाहतच नाही.

सहलीला जाताना

हे सगळे केवळ दौलताबादेपुरते नाही. आपल्या शाळेजवळ जो किल्ला असेल, मग तो डोंगरावरचा असो, भुईकोट असो वा पाण्यातला असो, तेथे मुलांना पाच प्रश्न लिहून द्यावेत. पहिला, दरवाजासमोर सरळ धावायला किती पावले जागा आहे? दुसरा, तटाच्या पायाशी उभा असलेला माणूस वरून कोठून कोठून दिसतो? तिसरा, पाणी कोठे आहे, किती आहे आणि ते कितव्या तटाच्या आत आहे? चौथा, धान्याचे कोठार कोणते आणि त्याचे घनफळ किती? पाचवा, किल्ल्यावर संकट आले तर मदत कोणत्या दिशेने आणि किती दिवसांत येऊ शकली असती?

मोजायला फूटपट्टीची गरज नाही. प्रत्येकाने आपल्या पावलाची लांबी आधी शाळेच्या मैदानावर मोजून ठेवावी. तलावाची खोली दोरीला दगड बांधून मोजता येते, मात्र ते काम शिक्षकांनी स्वतः करावे, मुलांना काठावर जाऊ देऊ नये. परत आल्यावर घनफळे काढावीत, शिबंदीच्या संख्येचा अंदाज धरावा आणि किल्ला किती दिवस टिकला असता याचे उत्तर प्रत्येक गटाने फळ्यावर लिहावे. उत्तरे वेगवेगळी येतील, कारण प्रत्येकाने धरलेल्या गोष्टी वेगळ्या असतील. कोणी माणशी पाणी जास्त धरले, कोणी घोडे मोजायला विसरले, यावर जो वाद होईल तो मध्ये न थांबवता होऊ द्यावा. मग त्या किल्ल्याचा इतिहास उघडून प्रत्यक्षातला वेढा किती दिवस चालला ते पाहावे आणि आपले उत्तर त्याच्याशी ताडून पाहावे.